मदत हवी आहे: आईचे खालचे दात, विमा नाही (इंदूर)

नमस्कार मंडळी. आईच्या दातांबद्दल सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे. क्लिनिकला या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं आहे.

आई ७२ वर्षांची. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. तिला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत, गेल्या वेळी एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी) ७.९ आलं होतं. वरचे दात जाऊन बरीच वर्षं झाली. वर कवळी आहे आणि ती ठीक बसते. अडचण खालची आहे. खाली दाढ एकही नाही. पुढचे पाच दात उरलेत. त्यातले मधले तीन हलतात, दोन्ही सुळे मात्र पक्के आहेत.

ती जेवते कशी ते सांगते. पोळीचे बारीक तुकडे वरणात घालते आणि पार भिजेपर्यंत ताट पुढ्यात घेऊन बसून राहते. बाकीच्यांची जेवणं होऊन जातात. पेरू चमच्याने खरवडून खाते. पोहे चालतात, पण वरची शेव बोटाने बाजूला करते. काकडी, कोशिंबीर, दाणे, भाकरी सगळं बंद. मग उरतं काय? मऊ भात, साबुदाण्याची खीर, दुधात बुडवलेली बिस्किटं. हे खाऊन साखर आटोक्यात कशी राहणार? आणि साखर वाढली की हिरड्या आणखी खराब होतात, हे डॉक्टरच सांगतात. म्हणजे दात गेले म्हणून साखर वाढते, आणि साखर वाढली म्हणून उरलेले दात जातात.

आता पैशांचं. बाबा मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा दवाखान्याची सोयही गेली. आईला पेन्शन नाही. माझ्या ऑफिसच्या पॉलिसीत आईवडील नाहीत, आणि असते तरी दातांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेलाच असतो. अपघात होऊन दाखल व्हावं लागलं तरच काही मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मानचं ५ लाखांचं संरक्षण मिळतं म्हणून तिचं वय वंदना कार्ड काढलं. पण ते दवाखान्यात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. कवळी, रूट कॅनाल, इम्प्लांट (जबड्याच्या हाडात बसवायचा धातूचा स्क्रू, त्यावर दात लावतात) त्यात येत नाही.

एका खासगी क्लिनिकने सांगितलं की पाचही दात काढा, चार इम्प्लांट घाला, त्यावर पक्के, काढता न येणारे दात बसवू. २ लाख ८० हजार. एवढं म्हणून लगेच हप्त्यांचा कागद समोर ठेवला. सुळे का काढायचे हे मी दोनदा विचारलं, तर "अर्धवट काम नंतर महागात पडतं" एवढंच उत्तर मिळालं. आमच्याकडे एक एफडी आहे. ती मोडली तर होईल, पण मग हाताशी काहीच उरणार नाही.

आई म्हणते, "माझ्यावर एवढे पैसे घालू नकोस गं, छोकरीच्या फीला ठेव." मला हे पटत नाही. माणसाला जेवायला दात हवेत, ही काही चैन नाही. तिने नीट चावून जेवावं एवढंच मला हवं आहे. त्यासाठी २ लाख ८० हजारच लागतात का, ते मला कळून घ्यायचं आहे.

पक्के सुळे वाचवून खाली कवळी करता येते का? इम्प्लांट घालायचेच झाले तर चारच लागतात का? आणि एमवाय रुग्णालयाजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात कोणी कवळी करून घेतली आहे का? मावशीला कोणीतरी बाजारातला एक "दात बसवून देणारा" सुचवला आहे, अगदी थोड्या पैशांत, एका बैठकीत. तिथे मी नेणार नाही, पण मावशीला का नको ते समजावून सांगायचं आहे.

प्रतिसाद १ (दंतवैद्य, कवळी व कृत्रिम दात विभाग)

ताई, तोंडात बघितल्याशिवाय आणि एक्स-रेशिवाय पक्कं सांगता येत नाही. पण सुळे खरंच पक्के असतील, तर काढायची घाई करू नका. सुळ्यांचं रूट कॅनाल करून ते हिरडीच्या जरा वरपर्यंत कापतात आणि त्यांच्यावरून कवळी बसवतात. याला ओव्हरडेंचर म्हणतात. मुळं जबड्यात राहिली की भोवतालचं हाड टिकतं. १९७८ सालचा एक जुना अभ्यास आम्हाला शिकवतात: पाच वर्षांत खालच्या जबड्याच्या पुढच्या भागातलं हाड, सुळे ठेवलेल्यांचं सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांचं ५.२ मिलिमीटर. खालची कवळी हलते ती याच झिजेमुळे. वर टाळूचा आधार असतो. खाली नुसती नालाच्या आकाराची पट्टी असते, तीही जिभेने उचलली जाते.

चार इम्प्लांटबद्दल. खालच्या जबड्यात एकही दात नसेल तर दोन इम्प्लांटवर काढता-घालता येणारी कवळी हा पहिला पर्याय मानावा, असं २००२ मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी ठरवलं. पक्के दात हवे असतील तर चार किंवा जास्त लागतात, ते चूक नाही. पण चावून जेवण्यासाठी दोनही पुरतात, हे तुम्हाला सांगायला हवं होतं.

क्रम असा ठेवा: आधी हिरड्यांची सफाई, मग हलणारे तीन दात काढणं, जखम भरू देणं, मग मापं. कवळीला साधारण पाच फेऱ्या लागतात: पहिलं माप, दुसरं माप, चावा नोंदवणं, मेणात बसवलेले दात घालून बघणं, आणि शेवटी कवळी. मेणाच्या फेरीत आईंना आरसा द्या आणि त्यांना पसंत पडेपर्यंत पुढे जाऊ देऊ नका. सुळ्यांवरची कवळी रात्री काढून पाण्यात ठेवायची आणि सुळे रोज ब्रशने घासायचे. नाहीतर ते कवळीखाली किडतात.

एक महत्त्वाचं विचारतो. आई हाडं ठिसूळ झाल्याची, आठवड्याला एक घ्यायची गोळी घेतात का? किंवा रक्त पातळ करणारी? दात काढण्याआधी हे सांगायलाच हवं. हाडांच्या त्या औषधाने क्वचित जबड्याची जखम भरत नाही. मात्र कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका.

मावशीला सांगा: बाजारात जागच्या जागी कडक होणारं प्लास्टिक ओतून शेजारच्या दातांना घट्ट चिकटवतात. ते काढता येत नाही, खाली अन्न कुजतं, आणि आधाराचे चांगले दातही जातात. असे रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात.

प्रतिसाद २ (रामबाग, इंदूर)

आमच्या सासूबाईंच्या दोन्ही कवळ्या डेंटल कॉलेजातच केल्या. १९६१ पासूनचं कॉलेज आहे. काम विद्यार्थी करतात, पण प्रत्येक टप्प्यावर सर बघून सही करतात. वेळ फार लागतो, सकाळ अख्खी जाते. डबा आणि गोळ्या सोबत ठेवा. पैसे खासगीच्या मानाने किरकोळ लागले. परीक्षेच्या दिवसांत काम रेंगाळतं, म्हणून आधीच विचारून घ्या. शहराबाहेरच्या खासगी डेंटल कॉलेजांतही बघा. विद्यार्थ्यांना ठरावीक केसेस पूर्ण करायच्या असतात, त्यामुळे तिथेही दर कमी असतात.

प्रतिसाद ३

दोन गोष्टी. उत्पन्न कमी असेल तर राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीपुढच्यांना चष्मा, काठी, कानाचं यंत्र यांच्याबरोबर कवळीही मिळते. २०१७ पासून आहे. सामाजिक न्याय विभागाच्या कचेरीत शिबिराची चौकशी करा. आणि तुम्ही आयकर जुन्या पद्धतीने भरत असाल, तर विमा नसलेल्या साठीपुढच्या आईवडिलांच्या उपचारांवर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते. रोख देऊ नका. यूपीआय किंवा चेकने द्या आणि पक्कं बिल घ्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेब, आई खरंच आठवड्याची ती गोळी घेते! गुडघ्यांच्या डॉक्टरांनी दिली आहे. क्लिनिकमध्ये हे कोणीही विचारलं नव्हतं. आज त्या डॉक्टरांशी बोलले. गोळी चालू ठेवून दंतवैद्याला चिठ्ठी दाखवा म्हणाले, चिठ्ठी दिली आहे. क्लिनिकला नाही कळवलं. एफडी आहे तशीच राहू दे.

सोमवारी सकाळी डेंटल कॉलेजात पर्ची काढायला जातोय. चिठ्ठी, साखरेचा रिपोर्ट आणि जुना एक्स-रे सोबत घेते, आणि सुळ्यांबद्दल आधी विचारते. रामबागच्या ताई, कवळीचा विभाग कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट चालू असते का, तेवढं सांगाल? आईला जिने चढवत नाहीत.