प्रसूतिपूर्व वर्ग : दोनच सत्रे शक्य असल्यास कोणती निवडावीत? (मदत हवी आहे)

माझ्या पत्नीला 30वा आठवडा सुरू असून गर्भारपणात कोणतीही गुंतागुंत नाही. प्रसूतिपूर्व वर्गाला ती नियमित जाते. शिफ्टच्या नोकरीमुळे मला मात्र दोनच सत्रांना जाता येईल. प्रसूतीचे टप्पे, श्वसन आणि रुग्णालयात केव्हा निघावे, हे आम्ही व्हिडिओंवरून समजून घेतले. पण कळ आल्यावर कमरेखाली तळहाताने किती दाब द्यायचा, किंवा दूध पिताना बाळाच्या तोंडात केवळ स्तनाग्र नव्हे, तर भोवतालचा काळसर भागही आला आहे हे कसे ओळखायचे, ते पडद्यावर पाहून हाताला कळत नाही (आणि हे दुसरे तर जन्मानंतर पहिल्या तासातच लागणार). शिक्षिकांच्या मते सर्वच सत्रे महत्त्वाची आहेत. ज्यांनी जोडीने वर्ग केले आहेत, त्यांनी कृपया सांगावे : मी प्रत्यक्ष कोणत्या सत्रांना बसावे, आणि ती 36व्या आठवड्यापूर्वीच उरकावीत का?