पालघाट देवीचा चौक रिसॉर्टच्या भिंतीवर : पटतंय का?

सूर्याकाठ
जव्हारच्या वाटेवरच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांसाठी ‘आदिवासी लग्न’ दाखवतात. जेवणाच्या हॉलमध्ये पालघाट देवीचा चौक (वारल्यांच्या लग्नात भिंतीवर काढतात ते देवीचं चौकोनी चित्र), त्यापुढे नवरा-नवरी बनवून बसवलेले दोन तरुण, थोडा वेळ तारपा (भोपळ्याचं, फुंकून वाजवायचं वाद्य) आणि मग डीजे. मला हे अजिबात पटलेलं नाही. वारली चित्रं विकू नयेत असं माझं म्हणणं नाही. शेतं, शिकार, तारप्याचा फेर कागदावर काढा आणि चांगल्या भावाने विका. पण देवीचा हा चौक, म्हणजे देवचौक, लग्नघरातच लिहितात (काढण्याला ‘लिहिणं’च म्हणतात). गेरूने सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने तो लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, तेव्हा देवी येते अशी श्रद्धा आहे. घरात लग्न नसताना तिला रोज रात्री मांडायची, हे कुणाला विचारून ठरलं? तारपा भाताच्या हंगामाबरोबर सुरू व्हायचा. इथे तो मे महिन्यातही वाजतो, कारण शाळांना सुट्ट्या तेव्हा असतात.

मोखाड्याचा
मी वारलीच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. दिवाळी झाली की आमच्या पाड्यावरून घरंच्या घरं भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फिटेपर्यंत परत यायचं नाव नाही, पोरांची शाळा बुडते ती बुडतेच. माझा भाऊ तारपा वाजवतो. शनिवार-रविवार रिसॉर्टवर बोलावणं असतं, म्हणून तो आता भट्टीवर जात नाही. घरी भोपळा, बांबू, मेण घेऊन तारपा बांधत बसतो आणि पुतण्या बाजूला बसून बघतो. भट्टीवरच्या झोपडीत हे शिकणं झालं असतं का? भात कापून झाल्यावर तो गावातही वाजवतोच, आणि तिथे रात्रभर वाजवतो.

रेघोट्या
मोखाड्याचा यांना अनुमोदन. जिव्या सोमा मशे यांचं उदाहरण घ्या. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणू भागात कागद घेऊन गेले, आणि बायकांनी भिंतीवर लिहायच्या कलेत गंजाडच्या या पुरुषाने आयुष्य घातलं. लग्न नाही, सण नाही, नुसतं चित्र. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हाही कुणीतरी ‘प्रथा मोडली’ म्हणालंच असेल. ती मोडली नसती तर वारली चित्रकला आज किती जणांना माहीत असती?

सूर्याकाठ
मशे मासेमारीचं जाळं रंगवत, वारूळ रंगवत, त्यांना दिसलेलं सगळं जग रंगवत. काय काढायचं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. रिसॉर्टवर ते मॅनेजर ठरवतो. फरक एवढाच आहे आणि माझ्या लेखी तो फार मोठा आहे.

डहाणूची लेक
वर तिघांनीही बायकांना बाजूलाच ठेवलंय. चौक लिहायचा मान आमचा. कागद आणि पैसा आला तेव्हा नाव बहुतेक पुरुषांचं झालं. आता कुठे मुली पुढे येतायत, तर भिंत रंगवायचं काम मुंबईचा कंत्राटदार ॲक्रिलिकने उरकतो. २०१४मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला आनंदच आहे. पण कुर्त्यावर कुणीही त्रिकोणी माणसं छापतो, त्याला अडवायला कोण जातं? देवचौकाबद्दल मी सूर्याकाठ यांच्या बाजूने आहे. माझ्या आजीने लग्नाबाहेर तो कधीच लिहिला नाही. आमचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६च्या पेसा कायद्याने (अशा आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा कायदा) परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला मान्य केलाय. काय दाखवायचं, काय नाही, आणि वाजवणाऱ्याला, लिहिणारीला किती द्यायचं, हे ग्रामसभेने ठरवून रिसॉर्टला लेखी कळवावं.

मोखाड्याचा
ताई, चौकाचं मान्य. आमच्या घरीही आईला ते खटकतं. पण ग्रामसभेत रिसॉर्टला जमीन विकलेलेही बसतात, हे विसरू नका. आणि ठरावात तारप्यावर बंदी घालाल तर माझा भाऊ पहिला उठून विरोध करेल.

डहाणूची लेक
दादा, तारप्यावर बंदी कुणी मागितलीय? मी चौकाबद्दल आणि मजुरीबद्दल बोलतेय. ठरावाचा मसुदा मी लिहायला घेते. भावाला विचारून कळवा, एका रात्रीचे त्याला किती मिळतात आणि किती मिळायला हवेत.