बीकेसीची रांग, हप्त्याचा फोन आणि आमच्या पाटल्या

ऋतुजा_सिन्नर
काल नात्यातल्या एका काकांची पोस्ट वाचली आणि ती डोक्यातून जाईना म्हणून इथे लिहितेय. 19 सप्टेंबर 2025 ला मुंबईत बीकेसीतल्या ॲपलच्या दुकानाबाहेर आयफोन 17 साठी आदल्या रात्रीपासून रांग लागली, सकाळी गर्दीत हाणामारी झाली, तो व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. काकांनी तो टाकून खाली लिहिलं, घरात नाही दाणा आणि बाजीराव म्हणा, आईबापाच्या औषधाला पैसे नाहीत आणि पोरं हप्त्यावर फोन घेऊन मिरवतात. त्यावर सगळ्या नातेवाइकांचे अंगठे.

त्या रांगेतल्या एकाच्या तरी घरचा दाणा कुणी मोजलाय का? माझा भाऊ अंबडला कंपनीत आहे, हातात 24 हजार येतात. 2024 च्या दिवाळीत त्याने आयफोन 15 घेतला, 69,900 चा, बारा हप्त्यांवर, म्हणजे महिन्याला पाच हजार आठशेच्या वर. किराणा तोच भरतो, आईच्या बीपीच्या गोळ्या तोच आणतो, तीन वर्षांत स्वतःसाठी त्याने घेतलेली ही एकच वस्तू. तरी भाऊबीजेला प्रत्येकाने त्याला ऐकवलं. आणि हेच काका, मुलीच्या लग्नाला लॉन्स, अकराशे पान, ड्रोन, सगळ्या वऱ्हाडाला फेटे, पतसंस्थेचं कर्ज काढून! तेव्हा एकाने तरी लिहिलं का घरात नाही दाणा? ती हौस, तो मान, आणि माझ्या भावाची मात्र ऐट. मला याचाच राग आहे.

सातारकर
लग्न एकदा होतं ताई. फोन दर सप्टेंबरला नवा येतो आणि जुना हातात धरायची लाज वाटावी म्हणूनच येतो. 24 हजारात पाच हजार आठशे म्हणजे चौथा हिस्सा गेला की. मी 31 वर्षं एसटीत काढली, साध्या फोनवर माझं काही अडलं नाही. 2024 च्या दिवाळीला सोनं तोळ्याला ऐंशी हजाराच्या आसपास होतं, त्याच पैशात पाऊण तोळ्याच्या वर आलं असतं. आज तोळा लाखाच्या पुढे गेलाय. आता तो फोन विकायला काढून बघा, निम्मे आले तरी नशीब. बाप राबतो आणि पोरगा फोन मिरवतो याला मी तरी ऐटच म्हणेन, कुणाला राग येवो.

परभणीचा_पोरगा
काका, तुमचं अडलं नसेल, आमचं अडतंय. मी पुण्यात लग्नाचे शूट करतो, फोनवरच रील काढून देतो, गिऱ्हाईक आधी विचारतं फोन कोणता आहे. कोरेगाव पार्कला त्याच महिन्यात ॲपलचं दुकान उघडलं तिथं मी पण गेलतो आणि मला लाज नाही वाटली. हे बोलणं फोनपुरतं नाही. आमच्याकडं शेतकऱ्यानं बुलेट घेतली की तेच, अनुदानावर बुलेट फिरवतो म्हणतात. गावातल्या मास्तरनं चारचाकी घेतली की कोण बोलत नाही. ज्याच्या हातात पैसा नवा आलाय त्याच्याच खिशात सगळे डोकावतात.

एक_बँकवाला
मी सहकारी बँकेत कर्जखात्यात 18 वर्षं आहे. रांगेत कोण उभं राहिलं हे सोडा, हप्त्याचा कागद वाचा. बिनव्याजी हप्ता म्हणून जे विकतात त्यात व्याज असतंच, ते किमतीत सूट म्हणून दाखवतात किंवा रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सूट तुम्हाला देत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 लाच बँकांना कळवलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते प्रोसेसिंग फीच्या आड लपवलेलं असतं. क्रेडिट कार्डावर 80 हजाराचे सहा हप्ते धरा, 16 टक्क्यांनी व्याज साधारण अडतीसशे. ते दुकानदाराने सोसलं तरी त्यावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्याच बिलात येतो, म्हणजे जवळपास सातशे, वर फी वेगळी. हे सातशे कुणाला बुडवत नाहीत. बुडतो तो हप्ता चुकून कार्डावर किमान रक्कम भरत राहणारा, तिथे वर्षाला 40 टक्क्यांच्या घरात व्याज जातं. अशी पोरं माझ्यासमोर बसून रडलेली आहेत.

पण सातारकर, तुमचं सोन्याचं गणित अर्धंच आहे. दागिना घेताना घडणावळ जाते, दागिन्याच्या किमतीवर 3 टक्के जीएसटी जातो, आणि मोडायला गेलात की घडणावळ परत मिळत नाही, वर घट धरतात. 2012 च्या शेवटी भाव एकतीस हजाराच्या आसपास होता, 2018 लाही जवळपास तेवढाच. ज्याने तेव्हा दागिना घेतला त्याने सहा वर्षांनी मोडून काय कमावलं?

ठाण्याची_मावशी
कमावण्यासाठी कोण घेतं हो सोनं! 2014 ला यांची बायपास झाली, रात्री अकराला डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत पैसे भरा. दिराला फोन केला, त्यांनी उचलला नाही. नणंदेने बघते म्हटलं. सकाळी सराफाचं दुकान उघडायच्या आधी पायरीवर जाऊन बसले आणि चार पाटल्या मोडल्या, दोन माझ्या, दोन सासूबाईंनी काढून दिल्या. घट किती धरली हे मी विचारलं पण नाही. ती माणसं आज माझ्यासमोर जेवायला बसतात. तुमच्या कर्जखात्यात मला त्या रात्री कुणी उभं केलं असतं का?

एक_बँकवाला
मावशी, उभं केलं असतं. सोनं तारण ठेवलं असतंत तर तेव्हा किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज तासाभरात मिळायचं आणि पाटल्या घरी परत आल्या असत्या. लोक घाबरून मोडतात आणि मग जन्मभर हळहळतात.

ठाण्याची_मावशी
आणि हप्ते कुणी भरले असते, अंथरुणावरच्या माणसाने? तुम्ही कागद बघता, मी तो दिवस बघितलाय.

वर्षा_ब्लाउजवाली
मावशी, तुमचं मन दुखवायचं नाही, पण माझ्या आईचं ऐका. आईने शिवणाच्या पैशातून भिशी लावून साडेतीन तोळ्यांची मोहनमाळ केली, जन्मात एकदाच. तिच्या आजारपणात मोडायला गेलो तर मशीनवर सोनं 18 कॅरेटचंही भरेना, डाक, म्हणजे सांधा जोडायचा हलका धातू, किती लावलाय म्हणाले. बिल नव्हतं, कच्ची चिठ्ठी होती. ज्याने केली तो सराफ घरचा, पिढीजात, लग्नाच्या पंगतीत आमच्या शेजारी बसणारा. त्याला विचारायला गेलो तर म्हणाला जुनं झालं की असंच होतं. सोनं कधी जुनं होतं का हो? आई त्यानंतर महिनाभर कुणाशी बोलली नाही. माझ्या मुलीच्या फोनला निदान पक्कं बिल आणि वर्षाची वॉरंटी आहे.

सातारकर
म्हणून आता हॉलमार्क आहे, शुद्धतेचा शिक्का. जून 2021 पासून जिल्ह्याजिल्ह्यानं सक्तीचं होत गेलं, एप्रिल 2023 पासून तिथे सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक, असल्याशिवाय हॉलमार्कचा नवा दागिना विकता येत नाही, बीआयएस या सरकारी मानक संस्थेच्या ॲपवर टाकून तो तपासता येतो. एका सराफाने फसवलं म्हणून सोनं वाईट होत नाही.

वर्षा_ब्लाउजवाली
तो ॲप तपासायला चांगला फोन लागतो ना काका. आणि एका सराफाने म्हणताय, आमच्या गल्लीत अशा चार बायका आहेत. पोरगी हप्त्यावर फोन घेते तेव्हा तुम्ही तिला हिशोब शिकवता, बायको बिल न घेता एक तोळा आणते तेव्हा कुणी हिशोब विचारत नाही, कारण शुभ असतं. पाडव्याला, दसऱ्याला दुकानाबाहेर बायका तासन्‌तास उभ्या असतात, ती रांग तुम्हाला दिसत नाही. शब्द वापरायचा तर दोन्हीकडे वापरा.

ठाण्याची_मावशी
दसऱ्याची रांग आणि ती मारामारी एक करू नका. सोनं बाईचं स्वतःचं असतं. नवऱ्याच्या घरात तेवढं एकच तिच्या नावावर असायचं. तुम्ही नोकऱ्या करणाऱ्या मुली, तुम्हाला नाही कळायचं.

ऋतुजा_सिन्नर
मावशी, कळतं. माझ्या लग्नात पाच तोळे घालायचे म्हणून वडिलांनी वीस गुंठे विकले. माझ्या नावावरचं ते सोनं सासूबाईंच्या लॉकरमध्ये आहे, सात वर्षं झाली, मला ते दोनदा घालायला मिळालं, आणि ज्या दिवशी खरंच गरज पडली त्या दिवशी चावी मिळाली नाही. गरज कसली होती ते सांगते. वडील 2024 च्या मार्चमध्ये गेले. सातारकर, तुम्ही वर लिहिलंत बाप राबतो आणि पोरगा मिरवतो. राबायला बाप नाहीये. ती विकलेली जमीन असती तर निदान कांदा लावून हॉस्पिटलचं बिल भागलं असतं. तेव्हा सगळ्या भावकीने पाठ थोपटली होती, पोरीला सोन्यानं मढवून पाठवली म्हणून. माझ्या भावाने बाराव्याचा खर्च एकट्याने केला आणि मग सात महिन्यांनी दिवाळीत तो फोन घेतला. त्यात वडिलांचा आवाज आहे, जुन्या फोनमधून काढून त्यात घेतलेला, हे कुणाला माहीत नाही कारण कुणी विचारलंच नाही.

परभणीचा_पोरगा
ताई, सॉरी. वाचून गलबलून आलं.

सातारकर
वडिलांचं मला माहीत नव्हतं. ते वाक्य मी मागे घेतो, लिहायला नको होतं. पण बाकीचं मागे घेत नाही. माझ्या धाकट्या भावाच्या मुलाने एकामागून एक तीन ॲपवरून कर्ज काढलं, एका फोनसाठी आणि मग त्याच फोनचे हप्ते भरायला, वसुलीवाले आमच्या घरी फोन करून बायकांना शिव्या द्यायचे. माझ्या पीएफमधून दीड लाख गेले. तो पोरगा अजून समोर आला की मान खाली घालतो. मला राग त्याचा येतो असं वाटायचं, पण खरं म्हणजे मलाच लाज वाटते, लहान होता तेव्हा पाचशेची नोट कशी वापरायची ते मी त्याला कधी शिकवलं नाही.

एक_बँकवाला
सातारकर, हे आधीच लिहिलं असतंत तर निम्मी भांडणं झाली नसती.

वर्षा_ब्लाउजवाली
म्हणजे राग पुतण्याचा आणि ऐकायचं ऋतुजाच्या भावाने. हेच तर सगळीकडे होतं.

सातारकर
असेल तसंच. ऋतुजाताई, हप्ते किती राहिलेत?

ऋतुजा_सिन्नर
एकच, ऑक्टोबरचा. एकही चुकला नाही.

सातारकर
मग तो भरला की हप्त्याच्या कंपनीकडून एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, लेखी घ्यायला सांगा त्याला, आणि पुढे दोन महिन्यांनी सिबिल, म्हणजे कर्जाच्या नोंदींचा अहवाल, काढून खातं बंद दाखवतंय का ते बघायचं. आमच्या पोराचं कर्ज फिटलं तरी वर्षभर तसंच उघडं दिसत होतं. फोनबद्दल माझं मत तेच आहे.

ठाण्याची_मावशी
आणि ऋतुजा, लॉकरमधल्या त्या पाच तोळ्यांची बिलं तुझ्या माहेरी असतील तर आधी ती शोध. कुणाच्या नावाने फाडलीत ते बघ. सापडली की मला सांग.