जन्मसालाचं घड्याळ घ्यायचंय (१९७४), साल खरं आहे हे कसं ओळखायचं?

कोथरूडकर_७४:
नमस्कार मंडळी. माझा जन्म ऑक्टोबर १९७४ चा. पन्नाशीला स्वतःसाठी काहीच घेतलं नाही म्हणून मुलगी अजून टोमणे मारते, आणि आता डोक्यात बसलंय की आपल्या जन्माच्या सालातलं एखादं चावीचं नाहीतर ऑटोमॅटिक घड्याळ घ्यावं, पण कपाटात ठेवायला नको, रोज ऑफिसला घालता आलं पाहिजे. बजेट बेताचं आहे, रोलेक्स वगैरे विषयच नाही. ऑनलाइन बघतोय तर सगळे "सत्तरच्या दशकातलं, ओरिजिनल" एवढंच लिहितात, साल विचारलं की गप्प. एक जण तर म्हणाला, तुम्हाला कुठलं साल पाहिजे ते बोला 😀 एचएमटी बघू, जपानी सिको बघू की स्विस? आणि साल कळतं कशावरून?

मशीनप्रेमी:
साल पक्कं पाहिजे असेल तर सिको. मागच्या झाकणावर दोन नंबर असतात. एक चार-चार आकड्यांच्या दोन गटांचा, त्यातले पहिले चार मशीनचं कॅलिबर, म्हणजे आतल्या मशीनचा मॉडेल नंबर, आणि पुढचे चार केसचे, म्हणजे बाहेरच्या बॉडीचे. दुसरा सिरियल. सिरियलचा पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना, १ ते ९ सरळ जानेवारी ते सप्टेंबर, ऑक्टोबरला शून्य, नोव्हेंबरला इंग्रजी एन, डिसेंबरला डी. म्हणजे तुम्हाला "४०" ने सुरू होणारा सिरियल शोधायचाय.
आता तो ४ म्हणजे ७४ की ८४ हे सिरियल सांगत नाही, ते कॅलिबरवरून काढायचं. ६११९ कॅलिबर साठच्या दशकाच्या शेवटी आलं आणि सत्तरच्या दशकातच थांबलं, त्यामुळे त्यावर ४ दिसला की ७४ च. ६३०९ मात्र १९७६ ला सुरू झालं आणि ८८ पर्यंत चाललं, त्यावर ४ असेल तर ते ८४ चं, कोणी ७४ म्हणून गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून पुढे व्हा.
आणि हो, ६११९ चावीने भरत नाही, फक्त हाताच्या हालचालीने भरतं. चावी दाबली की वार-तारीख बदलते. विकणाऱ्याकडून त्याचा व्हिडिओ मागवा, तिथेच बरेच जण गळतात.

दादरची_मी:
वरचं सगळं बरोबर पण फक्त झाकण बघून घेऊ नका हो! झाकण स्क्रूचं असतं, दोन मिनिटात दुसऱ्या घड्याळाला लागतं. आपल्याकडे जुनी सिको उघडून, डायल नव्याने रंगवून, पॉलिश मारून विकायचा केवढा मोठा धंदा आहे, बाहेरच्या देशातले कलेक्टर त्याला "मुंबई स्पेशल" म्हणतात, काय तो मान 🙄 भडक केशरी किंवा निळं डायल, पन्नास वर्षं जुनं असून कोऱ्यासारखं चकचकीत, अक्षरं जाड आणि जराशी पसरलेली, काटे भलत्याच मॉडेलचे. खऱ्या डायलवर अगदी खाली, सहाच्या आकड्याजवळ बारीक अक्षरात कोड छापलेला असतो, त्यात कॅलिबर नंबर येतो आणि तो झाकणावरच्या पहिल्या चार आकड्यांशी जुळायला हवा. रंगवलेल्या डायलवर तो कोड बहुतेक वेळा गायबच असतो. झाकण, डायल आणि आतलं मशीन तिन्ही एकाच घरचे असले तरच त्या सालाला अर्थ. मशीनचा फोटो दाखवायला जो कां कू करतो त्याच्याकडून मी तरी घेत नाही.

भोसरी_रिटायर्ड:
साहेब एचएमटीला विसरू नका. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगलोरला सुरू झालं, पंडित नेहरूंच्या काळातलं, तुमच्या जन्माच्या वेळी लग्नात जावयाला घड्याळ म्हणजे एचएमटीच. जनता, पायलट, सोना, कोहिनूर. चावीचं, सतरा ज्वेलचं (आत घर्षण कमी करणारे खडे) मशीन, घड्याळजी डोळे मिटून उघडतो आणि पार्ट मिळतात. रोज वापरायचंय म्हणता तर याच्यासारखं नाही. पण एक अडचण आहे, सिकोसारखं नंबरावरून सरळ साल काढता येत नाही आणि तेच मशीन दशकानुदशकं चाललं, त्यामुळे ७४ चं जनता आणि ९० चं जनता नुसतं आतून बघून वेगळं करणं कठीण.
एक युक्ती सांगतो. झाकणावर कोरलेली घड्याळं शोधा. कंपनीत सर्व्हिसबद्दल, लग्नात, बक्षीस म्हणून दिलेल्या घड्याळावर नाव आणि तारीख कोरायची पद्धत होती. कलेक्टर लोक नाक मुरडतात, दुसऱ्याचं नाव नको म्हणतात, त्यामुळे स्वस्तात मिळतं. तुम्हाला तर साल लिहूनच मिळालं की! नाहीतर बिल किंवा शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड असलेलं बघा.

मशीनप्रेमी:
@भोसरी_रिटायर्ड काका एक नंबर. फक्त कोरलेली तारीख ही दिल्याची असते, बनवल्याची नाही, दुकानात वर्षभर पडून असू शकतं. मला चालेल, काही जणांना नाही चालत.

पणजी_टाइम:
स्विसबद्दल थोडं. ओमेगाचा सिरियल झाकणावर नाही तर आत मशीनवर असतो, म्हणजे उघडल्याशिवाय कळत नाही, आणि त्यावरून निघतं ते अंदाजे साल, महिना विसरा. डायलच्या खाली "टी स्विस मेड टी" असेल तर त्यात ट्रिटियम आहे, म्हणजे काटे-आकडे अंधारात चमकवणारा किरणोत्सारी पदार्थ. ट्रिटियम साधारण १२ वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे ७४ च्या घड्याळात आता जेमतेम सोळावा हिस्सा उरला. ते रात्री टॉर्चसारखं पेटत असेल तर समजा नंतर कोणीतरी रंग भरलाय.
आणि ७४ वाल्यांनो तुम्हाला एक स्पेशल आहे! सिको ६१३९, ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. स्कायलॅब ४ मोहिमेतले विल्यम पोग नोव्हेंबर ७३ ला अंतराळात गेले ते ८ फेब्रुवारी १९७४ ला परत आले, तेव्हा त्यांच्याकडे नासाच्या ओमेगाबरोबर हे स्वतःचं पिवळ्या डायलचं सिकोसुद्धा होतं. अंतराळात गेलेला पहिला ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ. पण ही गोष्ट सगळ्यांना कळल्यापासून किंमत वर गेली आणि जोडतोड करून बनवलेलेही तितकेच झाले. पहिल्याच खरेदीला नको, सर्व्हिसिंगवाला पण माहितगार लागतो.

उगाच_बोलतो:
माझं मत वेगळं. अनोळखी माणसाच्या मनगटावरचं १९७४ घेण्यापेक्षा घरातलं ७१ नाहीतर ७९ चं बंद पडलेलं असेल तर ते चालू करा. मामा, काका, सासरे, कोणाच्या तरी कपाटात असतंच. सालाचा हट्ट धरला की माणूस घड्याळ बघत नाही, नंबर बघतो, आणि विकणाऱ्याला ते लगेच कळतं.

कोथरूडकर_७४:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कळेल असं वाटलं नव्हतं. @उगाच_बोलतो विचारलं हो, वडिलांचं होतं ते चोरीला गेलं, सासऱ्यांचं मेव्हण्याकडे आहे आणि तो देणार नाही 😀
एक ६११९ सापडलंय. सिरियल "४२" ने सुरू, म्हणजे फेब्रुवारी ना? डायल पांढरट, कडेला थोडे डाग, खाली बारीक कोड आहे आणि ६११९ वाचता येतंय. काच ओरखड्यांनी भरलीय. वार हिंदीत नाही, इंग्रजी आणि दुसऱ्या कुठल्यातरी भाषेत आहे. ऑक्टोबरसाठी थांबू का?

दादरची_मी:
हो, फेब्रुवारी ७४. डाग असलेलं खरं डायल बघून मला तर बरं वाटलं. वाराची चकती ज्या बाजारासाठी घड्याळ बनलं त्या भाषेची असते, त्याचं काही नाही. काच बदलून मिळते. मशीनचा फोटो आला का?

मशीनप्रेमी:
महिन्यासाठी थांबू नका, बरोबर ४० वालं चांगल्या अवस्थेत मिळायला वर्ष जाईल. घेतल्यावर आधी ऑइलिंग करून घ्या, वाळलेल्या तेलावर चालवलं तर आतले पार्ट झिजतात. केसला पॉलिश अजिबात करू देऊ नका, कडा गोल होतात आणि परत येत नाहीत, घड्याळजीला दोनदा बजावून सांगा. आणि झाकणावर वॉटरप्रूफ की काय लिहिलेलं असलं तरी पावसाळ्यात काढून ठेवा, ते रबर कधीच गेलेलं असतं.

कोथरूडकर_७४:
फोटो मागितलाय, म्हणतो उद्या दुकानात जाऊन उघडतो. आला की इथे टाकतो.