संडे स्कूलच्या शिक्षकांची मीटिंग: सगळं बोलून होतं, मुलांचं राहून जातं

नगर_शिक्षिका

सर्वांना सलाम. आमची मंडळी (चर्च) नगर जिल्ह्यातली, तालुक्याच्या गावची. जूनपासून पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) संडे स्कूलची, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवणाऱ्या वर्गांची, जबाबदारी माझ्याकडे दिली आहे. शिक्षक सगळे स्वेच्छेने येणारे: कॉलेजच्या दोन मुली, एसटीत कंडक्टर असलेले एक दादा, चार-पाच गृहिणी आणि बालवर्ग सांभाळणाऱ्या एक आजी. आज आईबाप झालेल्या कितीतरी जणांना आजींनीच बायबलमधलं पहिलं वचन पाठ करून घेतलं होतं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना सुटली की आम्ही मीटिंगला बसतो. सगळे सकाळपासून उपाशी, कुणाकडे पाहुणे, कंडक्टर दादांची दुपारची ड्युटी. त्यात नाताळचा विषय निघाला की पडदा, माईक, मेंढपाळांचे कपडे, खाऊची पाकिटं. दोघे-तिघेच बोलतात. पुढचा पाठ कोण घेणार हे विचारेपर्यंत निम्मे लोक चपला घालत असतात.

मला खरी टोचणी वेगळीच आहे. सहावीतला एक मुलगा कितीतरी रविवार आला नव्हता. त्याचे वडील दवाखान्यात होते, हे आम्हाला बाहेरून कळलं. मीटिंगमध्ये त्याचं नावही निघालं नव्हतं. तुम्ही मीटिंग कशी घेता?

निवृत्त_गुरुजी_कोल्हापूर

सलाम ताई. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी झाली आणि संडे स्कूल त्याच्या आधीपासून सुरू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वेळ बदला. उपासनेनंतर माणूस घराकडे बघत असतो. आम्ही शनिवारी संध्याकाळी साडेपाचला बसतो, पावणेसातला उठतो. चहा बसल्याबरोबर द्यायचा, शेवटी नाही.

दुसरं, सुरुवात मुलांच्या हजेरीपासून करा. वह्या मधोमध ठेवायच्या आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने लागोपाठ दोन रविवार न आलेल्या मुलांची नावं वाचायची. प्रत्येक नावापुढे घरी कोण जाणार ते तिथेच ठरवायचं. ‘कोणीतरी जाऊन या’ असं म्हटलं की कोणीच जात नाही. शेजारी राहणारा शिक्षक असेल तर त्यालाच विचारा. मग त्याच मुलांसाठी नाव घेऊन प्रार्थना. आमच्याकडे हे शेवटी व्हायचं तेव्हा दोन वाक्यांत उरकलं जायचं. आता पहिली पंधरा-वीस मिनिटं त्यालाच जातात, आणि ती जाऊ द्यावीत.

त्यानंतर पाठ. मीटिंगचा निम्मा वेळ याला द्या, असं मी आग्रहाने सांगेन. एका शिक्षकाने पुढच्या रविवारचा पाठ आम्हा सगळ्यांना मुलं समजून घ्यायचा, दहा मिनिटांत. मागे जक्कयाचा पाठ होता, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला. जक्कय हा कर गोळा करणारा श्रीमंत जकातदार. ठेंगणा जक्कय, येशूला बघायला तो चढला ते उंबराचं झाड, गर्दी, एवढं सगळेच रंगवून सांगतात. पण मोठ्या वर्गाच्या बाईंनी पुढचा भाग धरला: अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत. त्यांनी खडूने फळ्यावर हिशेब मांडला. शंभर रुपये जास्त उकळले असतील तर चारशे द्यायचे. मग विचारलं, ‘हे जक्कयाला कुणी सांगितलं होतं?’ आम्ही सगळे पुस्तकात शोधायला लागलो. कुणीच सांगितलं नव्हतं, तो आपणहून बोलला. बालवर्गाच्या शिक्षिकेने तिथेच ठरवलं की लहानांना हिशेब नको, फक्त येशू त्याच्या घरी उतरला तो प्रसंग करून घ्यायचा. दोन्ही वर्गांची तयारी झाली. ज्या मीटिंगमधून रविवारी शिकवायला काहीतरी हाती लागतं, तिला माणसं आपणहून येतात.

नाताळ, सहल, बक्षीस समारंभ हे सगळं तिघांच्या समितीकडे सोपवा. त्यांनी वेगळं बसावं आणि मोठ्या मीटिंगमध्ये पाच मिनिटांत काय ठरलं ते सांगावं. नाताळच्या नाटकातल्या देवदूतांच्या पंखांना सोनेरी कागद लावायचा की चंदेरी, हे अकरा जणांनी ठरवायची गरज नाही.

आणि गप्प बसणाऱ्यांना आधी बोलू द्या. ‘कुणाला काही बोलायचंय का?’ असं विचारलं की नेहमीचेच बोलतात. नाव घेऊन विचारायचं: ‘ताई, तुमच्या वर्गात या महिन्यात कोणता मुलगा खुलला?’

वसईची_धर्मशिक्षिका

नमस्कार. आम्ही कॅथलिक, आमच्याकडे धर्मशिक्षण म्हणतात, पण अडचणी सारख्याच. एक विषय कुणी काढला नाही, तो मी काढते: मुलांची सुरक्षितता. वर्षातून एकदा तरी पूर्ण मीटिंग त्यासाठीच ठेवा. एका वर्गात दोन मोठी माणसं, दार उघडं, लहानांना शौचालयात कोण नेणार, घ्यायला आलेल्या माणसाच्या ताब्यात मूल कधी द्यायचं, हे बोलून लिहून ठेवा. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. ‘आधी आपसांत मिटवू’ हा मार्गच नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक वर्गात मोठ्या अक्षरात लावा. हे बोलताना शिक्षकांना अवघड वाटतं, म्हणून तर एकत्र बसून बोलायचं.

पुण्याचा_तरुण

मी इंजिनिअरिंगला आहे आणि माध्यमिक वर्ग घेतो. गुरुजींचं पटलं, एक जोडतो. आम्हा तरुणांना खुर्च्या मांडायला आणि स्पीकर जोडायलाच बोलावू नका, पाठ द्या. परीक्षेचं वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीलाच मागून घ्या, म्हणजे ऐनवेळी ‘येता येणार नाही’ असा मेसेज पडत नाही. विषय दोन दिवस आधी ग्रुपवर टाकले तर विचार करून येता येतं. पण निर्णय ग्रुपवर नकोत. तिथे अंगठा दाखवला म्हणजे माणूस तयार आहे असं नसतं.

नगर_शिक्षिका

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारचं पाळकसाहेबांशी बोलते, सुरक्षिततेची मीटिंग दिवाळीच्या सुट्टीआधी घेते. गुरुजी, एक विचारू? आजींकडे साधा फोन आहे, संध्याकाळी अंधारात त्या येऊ शकत नाहीत. आणि त्यांच्याशिवाय मीटिंग मला नको आहे.

निवृत्त_गुरुजी_कोल्हापूर

मग मीटिंग आजींच्या घरी घ्या. अंगण नसेल तर ओटी पुरते. पहिला पाठ त्यांनाच घ्यायला सांगा आणि त्या कॉलेजच्या मुलींना पुढे बसवा. विषयांचा कागद आदल्या दिवशी कुणाच्या तरी हाती त्यांच्याकडे पोचवा, मोठ्या अक्षरात लिहून.