बंदरावरच्या कामाचा रंग-गंज पाण्यात जाऊ नये म्हणून काय करता?

शिरोलीकर_वर्कशॉप: आपलं कोल्हापुरात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, आता रत्नागिरीला जेट्टीच्या कडेला बार्ज (माल वाहायची सपाट तळाची बोट) दुरुस्तीचं काम मिळालंय, जुना रंग खरवडून ग्रिट ब्लास्टिंग (हवेच्या दाबानं बारीक खडे मारून गंज काढणं) आणि परत पेंट. इथं शेडमध्ये करतोय तसं तिथं उघड्यावर केलं तर सगळं पाण्यातच जाणार की. काय करायचं?

दर्यावर्दी_७: भावा, बोटीच्या तळाचा रंग साधा नसतो, शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून त्यात तांबं असतं आणि तेच माशांना बाधतं. टीबीटीवाला (कथिलाचं विषारी संयुग असलेला) रंग तर २००८ पासून जगभर बंद आहे पण जुन्या थराखाली सापडू शकतो. ताडपत्री चारी बाजूंनी बांधा, खाली पण अंथरा, आणि रोज संध्याकाळी झाडून पिंपात भरा. पाण्यानं धुवायचं नाही, लई जण तिथंच चुकतात!! पावसाळ्यात ब्लास्टिंग नकोच.

रंकाळा_कट्टा: आणि तेल सांडलं तर साबण ओतू नका, तेल दिसायचं बंद होतं पण पाण्यातच राहतं. शोषणारे पॅड ठेवा.

शिरोलीकर_वर्कशॉप: गोळा केलेला कचरा कुठं टाकू? भंगारवाला घेतो म्हणतोय.

दर्यावर्दी_७: अजिबात नको. टेस्ट करून घ्या, घातक निघाला तर परवानाधारकाकडंच द्यायचा. प्रदूषण मंडळाची संमती कुणाच्या नावावर आहे तेबी आधी विचारा, यार्डच्या का तुमच्या.

रंकाळा_कट्टा: पंचगंगेत मेलेले मासे बघितलेत ना, तसलं तिकडं नको 🙏