अल्टरनेटर ठीक, बॅटरीही ठीक. तरीही चार्जिंग अपुरे का?

सागरकिनारा

नमस्कार. माझ्याकडे २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक असून तिला ३५ अँपिअर-अवरची बॅटरी आहे. आम्ही रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो आणि गाडी उघड्या अंगणात उभी असते. आधीची बॅटरी दीड वर्षातच बसली, म्हणून गेल्या गणपतीच्या सुमारास नवीन घेतली. आता तीही त्याच वाटेने निघालेली दिसते. दोन दिवस गाडी उभी राहिली की सकाळी सेल्फ कण्हत फिरतो आणि कधीकधी धक्का मारण्याची वेळ येते.

गाडी सुरू असताना डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा लागत नाही. मल्टिमीटरने बॅटरीच्या टर्मिनलांवर घेतलेली मोजमापे अशी: सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी १२.१ व्होल्ट, इंजिन सुरू झाल्यावर १३.७, आणि हेडलाइट, एसीचा ब्लोअर व मागच्या काचेचा हीटर एकदम लावल्यावर १३.०. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) काढून एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तपासला, तेव्हा त्याने १४.२ व्होल्ट दिले. बॅटरीच्या दुकानदाराने ती चार्जिंगला लावून टेस्टरवर पाहिली आणि निर्दोष ठरवली. गॅरेजवाले मात्र अल्टरनेटर बदलण्याचाच आग्रह धरत आहेत. रोजचा प्रवास जेमतेम चार किलोमीटरचा आहे. दोष नेमका कुठे शोधावा?

घाटमाथा

चार किलोमीटर हेच कारण असू शकते. सेल्फ मारताना बॅटरीतून जे जाते ते भरून येण्याआधीच तुमची गाडी ऑफिसच्या दारात उभी राहते, आणि त्या दहा मिनिटांत दिवे व ब्लोअर चालू असतील तर बॅटरीच्या वाट्याला फारच थोडे उरते. रात्रभर स्थिर राहिलेल्या चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास व्होल्टेज दिसायला हवे, १२.१ म्हणजे ती निम्म्याहूनही कमी भरलेली आहे. प्रथम ती बाहेरच्या चार्जरवर दहा-बारा तास लावून पूर्ण भरून घ्या आणि पुढच्या रविवारी पावस किंवा गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन या. आठवडाभर सेल्फ नीट फिरला तर खर्च वाचला.

जुना वायरमन

वरच्या सल्ल्यातला चार्जिंगचा भाग योग्य आहे, पण रोग त्याने बरा होईल असे मला वाटत नाही, कारण प्रश्नकर्त्यांनी दिलेल्या आकड्यांतच उत्तर दडलेले आहे. अल्टरनेटर १४.२ व्होल्ट देतो आणि बॅटरीपर्यंत, भार वाढल्यावर, १३.० पोहोचतात. मधले १.२ व्होल्ट वाटेत कुठेतरी गडप होत आहेत. भार वाढताच तूट वाढते, याचा अर्थ प्रवाहाच्या वाटेत अडथळा आहे, आणि ती वाट फक्त लाल तारेची नसते. इंजिनाच्या धातूतून, इंजिन व बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीतून आणि बॉडीतून प्रवाह परततो तोही तिचाच भाग आहे. गॅरेजमध्ये लाल तार सगळे तपासतात. काळ्या तारेकडे कोणी वाकूनही पाहत नाही.

इंजिन सुरू ठेवून आणि तोच सगळा भार लावून पुढील मोजमापे घ्या. मीटर वीस व्होल्टच्या डीसी रेंजवर असू द्या, आणि ढिले कपडे व मीटरच्या तारा पंख्यापासून व बेल्टपासून दूर ठेवा. आधी मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन खांबावर टेकवा. खांबावर म्हणजे क्लॅम्पवर नव्हे, शिशाच्या खांबावरच, कारण खांब आणि क्लॅम्प यांच्यामधल्या बुरशीचीही परीक्षा व्हायला हवी. तिथे ०.२ पर्यंत चालेल. मग इंजिनाचा उघडा धातू आणि बॅटरीचा ऋण खांब यांच्यामध्ये मोजा, इथेही ०.२ च्या आतच असायला हवे. जास्त आले तर मध्ये बॉडीवरचा एक बिंदू धरून दोन तुकड्यांत मोजा, म्हणजे दोष ऋण तार व बॉडी यांच्यामध्ये आहे की बॉडी व इंजिन यांच्यामध्ये, हे लगेच कळेल.

अल्टरनेटरमधला रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग, ही तूट भरून का काढत नाही, असा प्रश्न पडेल. तुमच्याकडची लक्षणे पाहता तो स्वतःच्याच टोकांवरचे व्होल्टेज पाहून काम करीत असावा. तिथे १४.२ मिळाले की त्याच्या लेखी काम झाले. बॅटरीला किती पोहोचले हे त्याला ठाऊकच नसते. डॅशबोर्डवरचा दिवाही याच कारणाने गप्प राहतो. आणि बॅटरी कायम अर्धवट भरलेली राहिली की तिच्या प्लेटांवरचे लेड सल्फेट विरघळण्याऐवजी घट्ट स्फटिक होऊन बसते, म्हणून तुमच्या बॅटऱ्या अकाली जातात.

एक कळकळीची विनंती. अल्टरनेटर चालतो की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची एक जुनी खोड काही मेकॅनिकांना आहे. तसे करू देऊ नका. भार अचानक तुटला की व्होल्टेज क्षणभर उसळते आणि इंजिनाचा संगणक जळू शकतो. त्याची किंमत चार बॅटऱ्यांपेक्षा जास्त असते.

ओहमचा नियम

वायरमन काकांशी सहमत आहे, तरी दोन शंका मिटवून घ्याव्यात. काही गाड्यांत इंजिनाचा संगणकच चार्जिंगचे व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, आणि तिथे १३ व्होल्ट दिसणे हा दोष नसतो. परंतु तिथे भार वाढल्यावर व्होल्टेज सहसा वाढते, तुमच्याकडे ते घसरते आहे.

दुसरी शंका उभ्या गाडीतल्या विजेच्या गळतीची. किल्ली काढून, दारे लावून, अर्धा तास थांबून ऋण तारेत मालिकेत मीटर जोडा. ५० मिलीअँपिअरच्या आत आकडा असेल तर निर्धास्त राहा. ५० मिलीअँपिअर म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर, म्हणजे भरलेली बॅटरी निम्मी व्हायला जवळजवळ पंधरा दिवस लागतात. तुमची दोन दिवसांत मान टाकते, म्हणून गळतीही असल्यास ती मोठी असेल. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, नाहीतर त्याचा फ्यूज जाईल. (माझे दोन गेले आहेत.)

सागरकिनारा

काल सायंकाळी सर्व मोजमापे घेतली. धन बाजूला ०.१२ व्होल्ट. इंजिनाचा धातू व बॅटरीचा ऋण खांब यांच्यामध्ये मात्र १.०४! तुकडे केल्यावर ऋण खांब ते बॉडी ०.०४ आणि बॉडी ते इंजिन १.०० आले. म्हणजे सारी तूट बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या वेणीत (विणलेल्या तारांच्या पट्टीत) आहे. बॅटरीचा ट्रे काढून पाहिले, तर त्या वेणीच्या तारा गंजून निम्म्या तुटलेल्या होत्या आणि बोल्टखालचा पत्रा हिरवट-तांबड्या थराने झाकला होता. गळती २८ मिलीअँपिअर निघाली.

जुना वायरमन

खाऱ्या हवेचे हे नेहमीचेच काम आहे. तुमच्या गाडीत भारासह साधारण ३० अँपिअर प्रवाह जात असेल असे धरले, तर एक व्होल्ट तूट म्हणजे सुमारे ३३ मिलीओहमचा अडथळा झाला. सेल्फ मारताना प्रवाह शंभर अँपिअरच्या वर जातो. मग याच अडथळ्यावर तीनेक व्होल्ट वाया जातात आणि सेल्फ कण्हतो. म्हणजे बॅटरी भरलेली असतानाही तो मंदच फिरत असणार.

वेणी बदला. आधी बॅटरीची ऋण तार काढा, दोन्ही बोल्टखालचा रंग व गंज घासून चकचकीत धातू काढा, नवी वेणी घट्ट आवळा आणि जोडाला बाहेरून पेट्रोलियम जेली लावा.

सागरकिनारा

आज हे काम झाले. आधी इंजिन फिरवताना बॉडी व इंजिन यांच्यामध्ये २.९ व्होल्ट मोजले होते, आता ०.१५ आहेत. पूर्ण भार लावूनही बॅटरीवर १४.० व्होल्ट मिळतात. वेणी आणि मजुरी मिळून गॅरेजवाल्याने सांगितलेल्या अल्टरनेटरच्या किमतीचा विसावा हिस्साही खर्च आला नाही. ही बॅटरी आता वाचेल का?

जुना वायरमन

साडेतीन अँपिअरने रात्रभर चार्ज करा, मग तार काढून तीन दिवस नुसती ठेवा. १२.५ च्या वर टिकली आणि टेस्टरवर भाराखाली उभी राहिली तर वापरा, १२.२ ला आली तर तिची क्षमता गेली आहे. वॉरंटी शिल्लक असेल तर पावती शोधून ठेवा.